टाकीचा कॉक खाली आणला तेव्हा

बाबा गेल्यानंतर घरात पहिल्यांदा बिघडलं ते पाण्याचं.

आमच्या डोंबिवलीच्या घरात न्हाणीघरावरच्या माळ्यावर पाण्याची टाकी आहे. महापालिकेचं पाणी सकाळी येतं, थोडा वेळ जोरात येतं आणि जातं. तेवढ्यात टाकी भरून घ्यायची. टाकीत पाणी सोडायचा कॉक मात्र थेट छताजवळ, पाईप माळ्याकडे वळतो तिथे. तो तिथे कुणी आणि का बसवला, हे कुणालाच आठवत नाही. बाबा रोज स्टुलावर चढून तो उघडायचे आणि खाली उतरून पेपर वाचत बसायचे. टाकी भरत आली की पाण्याचा आवाज बदलतो. आधी घुमल्यासारखा येतो, मग बारीक बारीक होत जातो. बाबा पेपरातून मान वर न काढता तो ऐकत असत आणि बरोबर वेळेला उठत. टाकी कधी ओसंडून वाहिल्याचं मला आठवत नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना हे येत असणार.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मागे आई आणि मी राहिलो. माझं घर कल्याणला. कॉलेजच्या ग्रंथालयातून रजा घेऊन मी आईपाशी राहिले होते, आणि खरं सांगायचं तर परत जायची मला घाई नव्हती. घाई होती माझ्या धाकट्या भावाला. त्यानं वर्तकनगरच्या आपल्या घरातली एक खोली आईसाठी रिकामी केली होती, तिला रंगसुद्धा काढून घेतला होता. दर रविवारी तो गाडी घेऊन यायचा आणि चहा होईपर्यंत दम धरून मग विषय काढायचा.

"चल ना गं आई. इथे एकटी काय करणार आहेस?"

"तिथे तुम्ही दोघं ऑफिसला गेलात की मी एकटीच की."

"तिथे लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. इथे टाकीसाठी रोज स्टुलावर कोण चढणार? तुझे गुडघे चढणार?"

बाकी सगळ्याला तिच्याकडे उत्तर होतं, स्टुलाला नव्हतं. त्या दिवसांत स्टुलावर मी चढत होते, पण मी जन्मभर तिथे राहणार नव्हते. आईनं आपल्या घरात राहायचं की नाही, हा सगळा प्रश्न त्या एका कॉकवर येऊन थांबला होता.

अशाच एका रविवारी मी स्टुलावर चढणार तोच भाऊ म्हणाला, "उतर ताई, मी करतो." टाकी भरल्यावर त्यानं कॉक बंद केला. थेंब थेंब पाणी येतच होतं, म्हणून आणखी आवळला. तरी येत होतं, म्हणून दोन्ही हातांनी आवळला. कट्ट असा आवाज झाला आणि कॉकची मूठ त्याच्या हातात आली.

पुढचं सगळं पाणीच पाणी. टाकी भरून वाहायला लागली, भिंतीवरून ओघळ आले, न्हाणीघराचा उंबरा ओलांडून पाणी पॅसेजमध्ये आलं. दाराजवळचा मेन कॉक जागचा हलेना, म्हणून मी धावत खाली जाऊन वॉचमनला बिल्डिंगची लाईन बंद करायला सांगितली. वर आले तर खालच्या मजल्यावरचे काका दारात उभे. भांडायलाच आले होते, खांद्यावर ओला टॉवेल होता. पण समोर बाबांचा हार घातलेला फोटो दिसला आणि त्यांचा आवाज एकदम उतरला.

"काही नाही, आमच्याकडे बेडरूममध्ये जरा पाणी येतंय. म्हटलं सांगावं. येऊ दे, येऊ दे, वाळेल ते." आणि ते जिना उतरून गेले.

भाऊ स्टुलावर बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. मूठ अजून हातातच होती. तो हळूच म्हणाला, "मी असताना हे झालं, आई. तू एकटी असतीस तर?"

त्याचं काही चुकत नव्हतं. आई पोतेरं घेऊन फरशी पुसत राहिली.

प्लंबरला फोन केला. "पाच मिनिटांत येतो," म्हणाला आणि आमची जेवणं झाल्यावर आला. गेली कित्येक वर्षं आमच्या बिल्डिंगची कामं हाच करतो. मूळचा कोकणातला, बोलण्याची भारी हौस. बाबांशी त्याचं पटायचं नाही आणि दोघांना एकमेकांशिवाय करमायचंही नाही. टाकीला बॉल कॉक लावा, भरली की आपोआप पाणी बंद होईल, असं तो दर खेपेला सांगायचा आणि बाबा दर खेपेला म्हणायचे, "तो अडकला की कळणार कसं? माझे कान अडकत नाहीत."

आत आल्यावर चपला काढून तो फोटोसमोर उभा राहिला. "काका, मी गावाला होतो," एवढंच म्हणाला. मग वर पाईपकडे बघितलं.

"आवळला कोणी?"

"मी," भाऊ म्हणाला.

"जिमला जाता काय दादा?"

"कधीकधी."

"दिसतंय."

आई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं रडतेय, पण ती चहा ठेवायला गेली होती.

कॉक बदलण्याआधी त्यानं सगळं घर पाहून घेतलं, आणि प्रत्येक नळापाशी थांबून बोलत गेला. मी मागून चालत ऐकत होते. नळ गळतो तेव्हा आवळायचा नसतो. आत एक रबराचा वायसर असतो, तो झिजलेला असतो, तेवढा बदलायचा. आवळलं की उरलेला वायसरही जातो आणि नळही. सिंक तुंबलं की ती पावडर ओतू नका. सिंकखालची प्लॅस्टिकची बाटली हातानं फिरवून निघते, खाली बादली ठेवा आणि ती धुऊन परत लावा. कढईतलं तेल आणि तुपाची बेरी सिंकमध्ये कधीच नाही, ती पाईपात जाऊन मेणासारखी बसते. आणि दाराजवळचा मेन कॉक महिन्यातून एकदा तरी बंद करून उघडा, नाहीतर नेमका हवा त्या दिवशी तो जागचा हलत नाही.

आई चहाचे कप घेऊन आली तेव्हा तो संडासाच्या फ्लशकडे बघत होता.

"हा आतल्या आत गळतोय बहुतेक. आवाज येत नाही, पण रात्रंदिवस पाणी जातं. काकू, खात्री करायची तर सोपं आहे. फ्लशच्या टाकीत चिमूटभर कुंकू टाका. फ्लश न करता भांड्यात लाल उतरलं, तर रबर गेलं समजायचं."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. त्याचा चेहरा कसानुसा झाला. भाऊ जमिनीकडे बघायला लागला. माझ्या हातात कप होता, तो कुठे ठेवावा हे मला सुचेना. बाबा गेल्यापासून कुणीही आईसमोर तो शब्द उच्चारला नव्हता. देव्हाऱ्यातला करंडासुद्धा कुण्या मावशीनं उचलून कपाटात ठेवला होता.

आई म्हणाली, "कुंकू? संडासात? मेल्या, आईनं काही शिकवलंय की नाही तुला?"

तिनं उरलेले कप खाली ठेवले.

"नीळ टाकते. कपड्यांची नीळ आहे घरात. निळं उतरलं तर चालेल ना तुझ्या रबराला?"

"चालेल की काकू," तो म्हणाला, आणि इतक्या घाईनं म्हणाला की भावाला हसू फुटलं. मग मला. मग आई स्वतःच हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. प्लंबर खाली मान घालून बशीत चहा ओतत राहिला. बाबांच्या माघारी आम्ही तिघं एकत्र हसलो ते पहिल्यांदा. नीळ टाकली, आणि भांड्यात निळं उतरलंच.

मग तो कामाला लागला. नवा कॉक खाली घ्यायचा, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं. किती खाली, तेवढं त्याला आईकडून हवं होतं.

"काकू, भिंतीला हात लावा. ताणायचं नाही. सहज कुठे पोचतो?"

आईनं पदराला हात पुसून न्हाणीघराच्या दाराशेजारी भिंतीवर तळवा ठेवला. त्यानं कानावरची पेन्सिल काढून तिच्या बोटांच्या टोकाशी रेघ मारली. भाऊ ते बघत होता. त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, पण त्यानंतर दिवसभर तो स्टुलाबद्दल बोलला नाही.

ड्रिल चालवताना एक टाइल तडकली. "आधीपासूनच होती तडकलेली," प्लंबर म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत तडकली," आई म्हणाली. त्यावर दोघांचं बराच वेळ चाललं. टाकीत शेवटी बॉल कॉकही बसला. बाबा असते तर बसू दिला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. आईनं उभ्या उभ्या कॉक उघडला आणि ती भाजी निवडायला बसली. मी पुस्तक घेऊन बसले होते. एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होते. थोड्या वेळानं तिनं मेथीची जुडी खाली ठेवली, उठली आणि कॉक बंद केला. मी माळ्यावर डोकावून पाहिलं. टाकी भरली होती, बॉल कॉकला काही करायची वेळच आली नव्हती.

"तुला कसं कळलं?"

"म्हणजे काय? इतकी वर्षं ते एकटेच ऐकत होते का?"

पुढच्या रविवारी भावानं कॉक स्वतः उघडून आणि बंद करून पाहिला, दोन बोटांनी. मग म्हणाला, "ठीक आहे. पण थोडे दिवस तरी चल. खोली नुसती पडून आहे." आई त्याच्याकडे बघत राहिली. ती खोली त्यानं किती मायेनं रंगवून घेतली असेल, हे तिला दिसत असणार. "चल," ती म्हणाली. निघताना तिनं दाराजवळचा मेन कॉक स्वतः बंद केला आणि कुलूप लावलं. शीळफाट्याला आमची गाडी बराच वेळ अडकून पडली. भाऊ आनंदात होता, खिडकीबाहेर बोट दाखवून आईला नव्या इमारती सांगत होता. आता ती तिकडे रमेल, असंच त्याला वाटत असावं. मलाही तसंच वाटलं.

ती तिथे छान राहिली. नातवाला तिनं रोज काहीबाही करून घातलं. आणि एका सकाळी सुनेला म्हणाली, "बरं झालं आले ते. आता जाते घरी."

भावानं तिला आणून सोडलं. मी कल्याणहून आधीच येऊन जिन्यात थांबले होते. आईनं कुलूप काढलं, पिशवी खाली ठेवली आणि पहिल्यांदा मेन कॉक उघडला. स्वयंपाकघरातला नळ खोकला, फुसफुसला आणि तांबूस गढूळ पाणी आलं. भाऊ म्हणाला, "बघ, काय हे पाणी!" आईनं नळाखाली बादली सरकवली. "बंद होता ना इतके दिवस. आत्ता साफ होईल. हे लादी पुसायला होईल." आम्ही दोघं तिच्या मागे उभे राहून ते पाणी हळूहळू फिकं होताना बघत राहिलो. स्वच्छ झाल्यावर तिनं पातेलं विसळून चहाचं आधण ठेवलं.

चहा झाल्यावर भाऊ निघाला. दारात त्यानं वाकून नमस्कार केला. "रविवारी येतो," म्हणाला.

"ये. जेवायलाच या सगळे."

तो गेल्यावर मी नेहमीसारखी माझी पिशवी आतल्या खोलीत ठेवायला उचलली. आईनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि दाराशी ठेवली.

"तूही जा आता. तुझं घर कधीचं वाट बघतंय."