ईझोल्दाच्या बापाची वाइन

ईझोल्दाला राग आला की ती भांडी घासायला काढायची, मग ती स्वच्छ का असेनात. लग्न होऊन काखेती प्रांतात आल्यापासून त्या घरातली एकही कढई काळी राहिली नव्हती.

तिचं माहेर डोंगरापलीकडच्या इमेरेती प्रांतात. लग्नाला तिचे वडील वालिको काचेची मोठी बरणी भरून घरची वाइन घेऊन आले होते. रस्ताभर ती बरणी त्यांनी मांडीवर धरली होती, तान्ह्या पोरासारखी. इमेरेतीत रस आंबवताना साली जेमतेम मूठभर घालतात. म्हणून तिथली वाइन फिकट, हिरवट, जिभेला चुरचुरणारी. काखेतीत साली, बिया, देठ सगळं जमिनीत पुरलेल्या रांजणात महिनोन्महिने मुरतं. ती वाइन चहाच्या रंगाची, तुरट, अंगानं भारी.

सासरे अर्चिल गावाचे तामादा. म्हणजे कुठलीही मेजवानी असो, ते उठून चार शब्द बोलल्याशिवाय कुणी पेला उचलायचा नाही. त्यांनी बरणी उजेडात धरली.

"वालिको, पलीकडून माझी बोटं दिसताहेत की! तुमच्याकडे द्राक्षं पिळतात, का पाण्याला नुसती दाखवतात?"

सगळं अंगण हसलं. वालिकोही हसले. मुलीचा बाप आणखी काय करणार?

ती बरणी पुन्हा टेबलावर आली नाही. पुढे एकदा जेवताना ईझोल्दानं पालक-अक्रोडाचा गोळा तोंडात घातला आणि तिचा हात तिथेच थांबला. सासूनं वरून व्हिनेगर शिंपडलं होतं. त्या आंबटपणाच्या मागे तिच्या माहेरची बाग होती, विहिरीकडची, सकाळच्या उन्हातली.

"हे व्हिनेगर कुठलं?"

"तुझ्या वडिलांची ती बरणी गं. टाकून कशाला द्यायची, म्हटलं," सासू म्हणाली. तिच्या मनात काहीसुद्धा नव्हतं.

ईझोल्दानं घास गिळला. माहेरी गेल्यावर वडिलांनी पहिलं तेच विचारलं, "आवडली का गं त्यांना?"

"पहिल्याच दिवशी संपली, बाबा."

"बघ! पुढच्या खेपेला दोन बरण्या देतो."

त्या दिवशी आईकडचीही सगळी भांडी घासून झाली.

नवरा तामाझ माणूस चांगला, पण बापासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. "जाऊ दे ना, बाबांची गंमत असते," म्हणायचा.

"तुझ्या बाबांची गंमत नेहमी माझ्याच ताटात कशी पडते?" ती विचारायची. तो गोठ्याकडे निघून जायचा.

मुलं मोठी झाल्यावर ती तेलावी शहराच्या बाजारात बसू लागली. द्राक्षरसात बुडवून वाळवलेल्या अक्रोडाच्या माळा विकायची. शेजारी राचा या डोंगराळ भागातली लामारा बसायची, धुरावलेलं डुकराचं मांस घेऊन. एकदा दुपारी भाकरी सोडताना लामारानं प्लास्टिकच्या बाटलीतून तिला लाल वाइन ओतून दिली. ईझोल्दानं घोट घेतला आणि फिसकन हसली.

"अगं, ही वाइन आहे का मुरांबा?"

लामाराचा हात थबकला. "तुमच्याकडे हिला काय म्हणतात मला ठाऊक नाही, बाई. आमच्याकडे हिला माझ्या भावाची वर्षभराची मेहनत म्हणतात."

ईझोल्दाचे कान तापले. हे आपण बोललो? हा तर अर्चिलचा आवाज! इतकी वर्षं ज्याच्यावर दात खाल्ले, तोच माणूस आपल्याच तोंडात येऊन बसलाय! तिला स्वतःचा इतका संताप आला की घासायला तिथे भांडी नव्हती हेच बरं.

"आण इकडे," ती म्हणाली. तिनं खारट मांसाचा तुकडा चावला, वर पुन्हा घोट घेतला, आणि या वेळी घाई केली नाही. गोडवा हळूहळू मागे सरला. खाली काळ्या बोरांसारखं काहीतरी होतं, आणि थंड डोंगराचा वास.

"चुकलं माझं," ती लामाराला म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून सहसा निघत नसत.

तेव्हापासून दोघींची देवघेव सुरू झाली. लामारा गुरियाची कांद्याच्या सालीच्या रंगाची वाइन आणायची, कुणाकडून सामेग्रेलोची गडद लाल. ईझोल्दा काखेतीची न्यायची. पहिल्या घोटावर मत द्यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं. काही तिला शेवटपर्यंत आवडल्या नाहीत. पण पेला रिकामा केल्याशिवाय नावं ठेवली नाहीत.

मग वालिको गेले. त्यांच्या हातच्या शेवटच्या रांजणातली वाइन तिच्या भावानं पाठवली. द्राक्षतोडणीच्या मेजवानीत, गेलेल्यांच्या नावानं पिण्याची वेळ आली, तेव्हा ईझोल्दा ती बाटली घेऊन टेबलापाशी आली.

अर्चिल म्हणाले, "सूनबाई, ती खाली ठेव. मेलेल्या माणसांचं नाव घेताना पाणी पीत नाहीत."

कुणीतरी हसलं. आणि ईझोल्दाचा बांध फुटला.

"मामंजी, जन्मभर तुम्ही एकाच रांजणातलं प्यालात! डोंगरापलीकडे काय पिकतं ते तुमच्या जिभेला माहीत नाही, आणि बोलता अख्ख्या देशाच्या वतीनं! माझ्या बापाची वाइन तुम्ही एक थेंब न चाखता व्हिनेगर होऊ दिलीत. मी ती पालकावर खाल्ली. त्याच्याशी खोटं बोलले, आणि ते खोटं खरं मानून तो गेला! आता चाखा. आवडली नाही तर थुंका. पण चाखल्याशिवाय तोंडातून शब्द काढू नका!"

अर्चिलनी पेला उपडा ठेवला आणि ते घरात निघून गेले. तामादा उठून गेल्यावर कुणी काय प्यायचं? सगळे ताटात बघत बसले.

तेव्हा तामाझनं आपला पेला पुढे केला. एक घोट घेतला. तोंड वेडंवाकडं झालं.

"आंबट आहे."

"आहेच. अजून घे."

त्यानं घेतला. "उन्हातून आल्यावर हीच हवी," तो हळूच म्हणाला.

"हे म्हणायला तुला एवढी वर्षं लागली?" ती कडाडली. त्या दिवशी सासऱ्यापेक्षा नवऱ्यालाच जास्त ऐकून घ्यावं लागलं.

अर्चिल तिच्याशी पुन्हा थेट बोलले नाहीत. "सुनेला सांगा, मीठ कमी आहे," एवढंच. ती वाइन त्यांनी चाखली नाही ती नाहीच. तसेच गेले. तीही त्यासाठी रडली नाही.

त्यानंतर दर हिवाळ्याच्या तोंडाशी ती, तामाझ आणि लामारा गाडी काढून कुठल्यातरी नव्या मुलखात जाऊ लागली. यंदा मेस्खेतीत गेली. डोंगरउतारावरच्या जुन्या वेलींचा मालक ओतार यानं प्रेमानं वाढलं. त्याची वाइन ईझोल्दाला भलतीच आवडली, तिसरा पेला मागून घेतला. मग ओतार हसत म्हणाला, "काखेतीची काय, ती कातडी कमवायला बरी!"

ईझोल्दानं पेला खाली ठेवला. "कुणाच्या घरची प्यालात?"

"प्यालो नाही हो. ऐकून आहे."

"ऐकून! तामाझ, गाडीतला आपल्या वाइनचा कॅन आण."

"अगं, पाहुणे आहोत आपण..."

"आण म्हणते ना!"

तिनं ओतारचा पेला काठोकाठ भरला आणि तो गिळेपर्यंत त्याच्या डोक्यावर उभी राहिली. ओतारला ठसका लागला. त्यानं चीज मागितलं, मग मांस, मग आणखी वाइन. दुपारभर दोघं हमरीतुमरीवर भांडत होती आणि कॅन रिकामा होत होता.

परतीच्या वाटेवरही ती धुमसतच होती. लामारा मागच्या सीटवर हसून बेजार झाली होती.

"आज बाबा असते तर..." तामाझ म्हणाला.

"असते तर त्यांनाही सोडलं नसतं. समोर बघून चालव!"