दादाच्या फाईलवरची तारीख

आज सकाळी एका फाईलमधला एक शब्द खोडला आणि अजून रडू आवरत नाहीये, मंडळी.

मंचरच्या आमच्या कांद्याच्या गाळ्यावर दादानं, माझ्या थोरल्या भावानं, कॉम्प्युटरवर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली होती. चालवली की लोणी-डिंगोऱ्याच्या शेतकऱ्यांच्या मोबाईलवर बाजारभाव जायचा. ‘यातला एक ऑप्शन जुना झालाय, पुढच्या एखाद्या अपडेटला काढून टाकू,’ असा इशारा स्क्रीनवर रोज यायचा. दादा हसायचा. “बंद पडंल तवा बघू, राव.”

गेल्या वर्षी दादाच गेला. मी त्या फाईलला मुद्दाम हात लावला नाही. तिच्यापुढं त्यानं शेवटची सेव्ह केल्याची तारीख दिसायची. रोज आधी ती बघायचे.

आज कॉम्प्युटर अपडेट झाल्यावर स्क्रिप्ट अडली. लोणीहून फोन, “ताई, भाव आला न्हाई. गाडी भरू का नको?” घाईघाईत फाईल उघडून जुन्या ऑप्शनचा शब्द खोडला, नवा टाकला, सेव्ह केलं. भाव गेला.

आणि फाईलपुढं आजची तारीख आली.

तारीख मागं नेता येते, हे कमेंटमध्ये सांगू नका. ठाऊक आहे मला. पण मग ती मी टाकलेली असेल ना?