भवानीची नोट

परवा सकाळी जरा लवकर घराबाहेर पडले. कॉलेजात परीक्षेची ड्यूटी होती, म्हणून भाजी जाता जाताच घ्यावी म्हटलं... धाराशिवात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक मावशी गाडा लावतात.

एरवी मी ऊन वर आल्यावरच जाते. हे गेल्यापासून मनाशी ठरवून टाकलंय, की कुणाच्या भवानीला, दिवसाच्या पहिल्या विक्रीला, आपण जायचं नाही. मला कुणी तसं बोललेलं नाही. माझा या गोष्टींवर विश्वासही नाही... मग वेळ का पाळते, याचं उत्तर मला देता येत नाही.

मोबाईलनं पैसे देणं त्यासाठीच सोयीचं वाटतं. बँकेतल्या एका मैत्रिणीनं डिजिटल रुपयाचं ॲप घालून दिलंय. खात्यातले थोडे पैसे त्यातल्या पाकिटात काढून ठेवायचे, स्क्रीनवर नोटांची चित्रं दिसतात. दुकानात कोड स्कॅन केला की झालं... हाताला हात लागत नाही, बोलावंही लागत नाही.

एखाद्या रविवारी तर दिवसभरात कानावर पडलेला एकच आवाज म्हणजे पैसे मिळाल्याचं सांगणारा दुकानातला डबा. तोही दुकानदाराशी बोलत असतो, माझ्याशी नाही...

तर परवा. मावशी मेथीच्या पेंड्यांवर पाणी मारत होत्या.

“भवानी झाली का मावशी?”

“कुठली? आत्ता तर मांडलंय.”

“मग थांबते. दुसरं कुणी येऊ दे आधी.”

त्यांनी हात थांबवून माझ्याकडं बघितलं. “का? तुमचं पैसं खोटं हैत व्हय?”

दुसरं कुणी येतंय का, म्हणून मी रस्त्याकडं बघू लागले. त्यांनी तोवर मेथी, वांगी पिशवीत घातलीही. “लई दिवस बघतीय ताई. उन्हाचं येता अन् सुकलेली मेथी नेता. मला वाटलं, तुमाला तसलीच आवडती.”

म्हणजे कुणीतरी बघत होतं... मी घाईनं फोन काढला.

“थांबा. डबा बोलला की पैसं गेलं खात्यात. मग मी कपाळाला काय लावू, डबा?”

“यात नोट दिसते,” मी म्हणाले, आणि पाकिटातलं पन्नासच्या नोटेचं चित्र त्यांच्यापुढं धरलं.

“नोटच हाय की. आना हिकडं, जायच्या आत.”

ओले हात पदराला पुसून त्यांनी माझा फोन दोन्ही हातांत घेतला, काच कपाळाला टेकवली. डोळे मिटले. मग फोन परत देत म्हणाल्या, “आता धाडा. अन् उद्या याच टायमाला या.”

मी पैसे पाठवले. डबा बोलला, पाकिटातली नोट गेली.

कॉलेजात पोचून फोन बंद करायला काढला, तर काचेवर कुंकू लागलेलं... त्यांच्या कपाळाचं. हात सवयीनं पदराकडं गेला. पुसलं मात्र नाही. फोन तसाच पर्समध्ये ठेवला आणि पेपर वाटायला गेले.

काल लवकर गेले होते. भाजी घरात होती, तरी गेले... मेथी फार कोवळी होती.