ऑगस्टची पाहुणी

जून लागला की देर्नाचं घर खाली उतरायचं.

खाटा, कॉफीचं भांडं, रेडिओ, संत अंतोनियोची तसबीर, शिवणाचं मशीन, सगळं पायऱ्या उतरून तळघरात जायचं आणि वरच्या खोल्या धुऊन-पुसून पाहुण्यांच्या व्हायच्या. रिमिनीच्या खालच्या अंगाला, समुद्राला चिकटून असलेल्या त्या गावात यात कुणाला वावगं वाटत नसे. शेजारचे गॅरेजमध्ये झोपायचे. त्यांच्या पलीकडचे कोंबड्यांच्या खुराड्याला चुना मारून तिथे. उन्हाळ्यात जो आपल्याच घरात वरच्या मजल्यावर झोपला तो आजारी तरी असणार, नाहीतर आळशी.

देर्ना याच घरात जन्मली, वरच्या मजल्यावर, पण नोव्हेंबरात. तिचं लग्न फेब्रुवारीत झालं आणि मुलगा वाल्तेर जानेवारीत. उन्हाळ्यात बाळंत व्हायला सवड होती कुणाला? वरचं घर तिला ठाऊक होतं ते असं, थंडीचं, बंद झडपांचं, सूपाच्या वासाचं. समुद्राकडची खोली मात्र तेव्हाही तिच्या वाट्याला आली नाही. हिवाळ्यात तिथे असा काही वारा घुसायचा की आई तिथे सफरचंदं पसरून ठेवायची आणि दार लावून घ्यायची. उन्हाळ्यात तिथे पाहुणे. सत्तरी उलटली तरी त्या खोलीत देर्ना एकदाही झोपली नव्हती. चादरी मात्र हजारदा बदलल्या होत्या.

ही गोष्ट तिने नवऱ्याला तेवढी एकदा बोलून दाखवली. सेकोंदो किनाऱ्यावर छत्र्या आणि खुर्च्या भाड्याने द्यायचा. दिवसभर उन्हात भाजून निघाल्यावर तळघराच्या गारव्यात पाय पसरून तो म्हणाला होता, "त्यात काय एवढं? धंदा बंद केला की झोपू वर. मी डावीकडे."

धंदा काही बंद झाला नाही. सेकोंदोच गेला, एका मार्चमध्ये, मागच्या खोलीत.

तळघराला रस्त्याच्या पातळीवर एक आडवी, बुटकी खिडकी होती. तिच्यातून माणसं दिसायची ती घोट्यापर्यंत. देर्नाची सगळी माणसांची पारख पायांवरून. खोली बघायला कोण आलंय हे तिला दाराची घंटा वाजण्याआधीच कळायचं. टाचा झिजलेल्या असल्या की हे लोक घासाघीस करणार पण खोली घेणार. नवेकोरे पांढरे बूट असले की वर जाणार, गादी दाबणार, कपाट उघडून हुंगणार, "समुद्र इथून दिसतो ना?" विचारणार, आणि शेवटी पुढच्या गल्लीतल्या हॉटेलात जाणार. लोक खोली कशी निवडतात यावर देर्ना एक अख्खा दिवस बोलू शकली असती. तिला स्वतःला मात्र कधी कुणी खोली दाखवली नव्हती.

ऑगस्टमध्ये समुद्राकडची खोली ठरलेली असायची. क्रेमोनाहून सिन्योरा ओत्ताविया यायच्या. नगरपालिकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, नेमाने टोपी घालणाऱ्या. वाल्तेर शाळेत होता तेव्हापासून येत होत्या, आणि अजूनही दोघी एकमेकींना 'तुम्ही'च म्हणायच्या. सकाळी समुद्रावर, दुपारी जेवण झाल्यावर झडपा ओढून खोलीत. निघताना दर वर्षी एकच वाक्य, "देर्ना, इथे झोप लागते तशी मला कुठ्ठे लागत नाही हो."

देर्ना हसायची आणि मनात म्हणायची, लागेल नाहीतर काय.

या वर्षी जुलैच्या मध्यावर त्यांचा फोन आला. गुडघे गेले. जिना चढवत नाही. बहीण गरम चिखलाच्या उपचारांना घेऊन जातेय, मग तिथून परत क्रेमोनालाच. "खोली दुसऱ्या कुणाला द्या. माझ्यासाठी अडवून ठेवू नका."

"बरं," देर्ना म्हणाली. आणि फोन ठेवून शेंगा सोलत बसली.

तिने कुणालाच काही सांगितलं नाही. एक तारखेला नेहमीप्रमाणे लव्हेंडर घातलेल्या चादरी घातल्या, पाण्याचा तांब्या भरला, बशीत जर्दाळू ठेवले. संध्याकाळी सून मोरेना अंगणात उभी राहून टॅक्सीची वाट बघत होती.

"अजून कशी आली नाही ही बाई?"

"त्या येणार नाहीयेत," देर्ना म्हणाली.

"म्हणजे? कधी कळलं?"

"झाले की पंधरा दिवस."

मोरेनाने कमरेवर हात ठेवले. "आणि खोली?"

"खोली गेली."

"कुणाला?"

"मला."

"अहो देर्ना, ऑगस्ट आहे. ऑगस्टमध्ये लोक मोरीत झोपायला तयार असतात. सप्टेंबरात झोपा ना हवं तितकं. कोण नको म्हणतंय?"

"सप्टेंबरात पाऊस असतो."

"वाल्तेर," मोरेनाने हाक मारली, "ये इकडे, तुझी आई बघ काय म्हणतेय."

वाल्तेर तव्यावरची पियादाची पोळी उलटायची सोडून बाहेर आला. त्याने ऐकून घेतलं, आईकडे बघितलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, हात पुसून तिची पिशवी उचलली. "या सिन्योरा," तो म्हणाला. "जिना जपून चढा. नाश्ता साडेसातपासून. वाळूचे पाय घेऊन आत यायचं नाही, आमची आई फार खवट आहे."

"ऐकलंय मी तिच्याबद्दल," देर्ना म्हणाली, आणि त्याच्यामागून वर गेली.

वर गेल्यावर तिने गादी दाबली. मधोमध खोलगट खड्डा, सिन्योरा ओत्तावियांच्या आकाराचा. इतकी वर्षं बाई ह्यात झोपल्या आणि एका शब्दाने बोलल्या नाहीत? कपाटाचं दार आपोआप उघडत होतं. नळ टिपकत होता. पहिल्या संध्याकाळी ती पाहुणी कसली, दुरुस्तीला आलेलं माणूसच झाली. शेवटी नळाला चिंधी बांधली आणि पलंगावर आडवी झाली, उजवीकडे. डावी बाजू तिने तशीच सोडली.

समुद्र दिसत होता. रस्ता, मग छत्र्यांच्या ओळी, मग तो. इतका जवळ असेल असं तिला वाटलं नव्हतं. पहाटे सूर्य पाण्यातून वर आला आणि सरळ तिच्या पायांवर येऊन बसला. ती हलली नाही. कुणाला तरी कॉफी करायची आहे हे आठवलं, मग हेही आठवलं की आज ती कॉफी आपल्यालाच कुणीतरी करणार आहे. खाली गेली तर मोरेनाने खरोखरच ट्रेवर रुमाल घालून कॉफी मांडली होती, जरा आपटूनच, पण मांडली होती.

दिवस पाण्यासारखे सरकू लागले. दुपार सगळ्यात गोड. जेवणं उरकून गाव निपचित पडायचं, कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही. देर्ना झडपा ओढायची. लाकडात एक गाठ निखळून भोक पडलं होतं. त्यातून उजेड आत यायचा आणि छतावर रस्ता उमटायचा, धूसर आणि उलटा. सायकली उलट्या जायच्या. माणसं उलटी, पाय वर, आपल्या डोक्यावर तरंगत समुद्राकडे निघालेली. देर्ना बघत राहायची. जन्मभर ओळखीचे पाय, आता ते आभाळात चालत होते. कधी तिला वाटायचं, त्यातले दोन सावळे, उन्हाने रापलेले पाय सेकोंदोचे आहेत. मग डोळा लागायचा.

अशाच एका दुपारी तिला आवाज आला, अगदी कानाशी.

"तूच सांग तिला."

"मी का? हो म्हणालीस तू."

देर्ना उठून बसली. खोलीत कुणी नव्हतं. आवाज भिंतीतून येत होता. तळघरातल्या जुन्या चुलीचं धुराडं याच भिंतीतून वर गेलं होतं, पलंगाच्या उशाशी त्याचं लोखंडी झाकण होतं. चूल बंद होऊन जमाना झाला, धुराडं तसंच राहिलं होतं.

"पंधरा ऑगस्टला अख्खा देश सुट्टीवर समुद्रावर लोटतो, तेव्हा कुणीच पाहुण्याला नाही म्हणत नाही, वाल्तेर. नवीन लग्न झालंय, मुलगी फोनवर रडकुंडीला आली होती. परवा येतायत. आई काय, खाली येईल आठ दिवस. तिला सवय आहे."

"सवय आहे म्हणूनच तर," वाल्तेर पुटपुटला. मग भांडी घासण्याचा आवाज, नळ, आणि मोरेनाचं, "हळू बोल. वर झोपलीये ती."

हळू बोल, वर पाहुणे आहेत. देर्नाने हे वाक्य आयुष्यभर म्हटलं होतं. सगळे कुजबुजत जगायचे खाली. कुजबुजत भांडायचे, कुजबुजत हसायचे. आणि इथे वर शब्दन् शब्द चढत होता.

आणि तिला चाळण आठवली. सेकोंदो सिन्योरा ओत्तावियांची नक्कल करायचा. "माझी चाळण कुठाय?" म्हणत ती टोपीसारखी डोक्यावर ठेवून, ओठांचा चंबू करून, "देर्ना, आज जर्दाळू किंचित कडक आहेत हो." सगळे तोंडात बोळा घालून हसायचे. दर वर्षी. पहिल्या जेवणाला हा कार्यक्रम ठरलेलाच. आणि सिन्योरा इथे वर, उशाशी हे झाकण.

दुसऱ्या दिवशी वाल्तेर वर आला. दारातच उभा राहून त्याने हवेबद्दल सांगितलं, छत्र्यांबद्दल सांगितलं.

"नवं जोडपं येतंय, तेच ना," देर्ना म्हणाली.

वाल्तेरचा चेहरा पडला. "तुला कोणी सांगितलं?"

देर्ना खिडकीपाशी गेली. जन्मात तिने पाहुण्याला नाही म्हटलं नव्हतं. जीभच वळायची नाही. आत्ताही तोंडाशी आलं होतं, येते मी खाली, त्यात काय. तिने झडप आणखी उघडली.

"ही खोली महिनाअखेरपर्यंत भरलेली आहे," ती म्हणाली. "खाली माझी खोली रिकामी आहे. अंगणात वेगळं दार आहे, गारवा आहे. ती दाखवू त्यांना."

"तळघर? पंधरा ऑगस्टला?"

"दाखवीन मी."

जोडपं आलं तेव्हा देर्ना वरूनच बघत होती. दोन डोकी दिसली, एक भांग, एक पडू लागलेलं टक्कल. पाय दिसत नव्हते, त्यामुळे माणसं कशी आहेत ते काही कळेना. ती चपला घालून खाली उतरली. मोरेना हाताची घडी घालून उभी होती, बघू या आता, अशी.

"समुद्र दिसतो का हो इथून?" मुलीने विचारलं.

"नाही," देर्ना म्हणाली. "पाय दिसतात."

"पाय?"

"बसा इथे. बसा तर."

मुलगी खाटेवर बसली. आडव्या खिडकीतून उन्हाचा पट्टा येत होता. लाकडी चपला टकटक करत गेल्या, मागून दोन अनवाणी, ओले, वाळू चिकटलेले, मग एका म्हाताऱ्याचे सावकाश निघालेले कॅनव्हासचे बूट. मुलगी बघत राहिली. नवऱ्याने गादी दाबली. गादी पक्की होती, देर्नाची होती.

"ते दोघं भांडलेत," मुलगी खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली. "बघ ना, ती पुढे चालतेय."

"घेतली," नवरा म्हणाला.

मोरेनाने किल्ली दिली. मग देर्नाच्या बाजूला येऊन, तोंड न हलवता म्हणाली, "बाई, तुम्ही वाळवंटात वाळू विकाल."

"वर कॉफी पाठव," देर्ना म्हणाली.

खोली राहिली, पण दुपारची झोप गेली. धुराड्यावर उशी ठेवून बघितलं, चाळण काही डोक्यातून जाईना. अखेर एका दुपारी तिने खोलीतूनच मोबाइलवरून क्रेमोनाला फोन लावला.

"सिन्योरा ओत्ताविया, मी देर्ना. मी समुद्राकडच्या खोलीत आहे."

"तुम्ही? अगंबाई. झोप लागते ना?"

"सिन्योरा, इथे खालचं ऐकू येतं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "हो."

"सगळं?"

"चाळणीसकट."

देर्नाने डोळे मिटून घेतले. "तुम्ही कधी बोलला नाहीत. दुसरीकडे गेला असतात. पुढच्या गल्लीतल्या हॉटेलात लिफ्ट आहे, नळसुद्धा टिपकत नाहीत."

"एकदा गेले होते की मी तिथे, पहिल्या वर्षी. तुमच्याकडे यायच्या आधी," सिन्योरा ओत्ताविया म्हणाल्या. "दोन दिवस राहिले. समुद्र होता, सगळं होतं. दुपारी इतकी शांतता की माझ्याच घरी बसल्यासारखं वाटलं. मग तुमच्याकडे खोली बघायला आले. तुम्ही जर्दाळू आणायला खाली गेलात आणि भिंतीतून कुणीतरी म्हणालं, अजून एक वाढ ना, कंजूष कुठली. मी गादीसुद्धा दाबली नाही. लगेच हो म्हणाले."

सेकोंदोच असणार. दुसरं कोण.

"नक्कल छान करायचे ते," सिन्योरा ओत्ताविया म्हणाल्या. "चंबू जरा जास्त व्हायचा." आणि मग, जरा बिचकत, "देर्ना, आत्ता खाली भांडी चालू असतील ना?"

चालू होती. वाल्तेर घासत होता, मोरेना पुसत होती, ती नवी मुलगी पाय धुवायला बादली मागत होती आणि वाल्तेर म्हणत होता की वाळूचे पाय घेऊन आत यायचं नाही, आई फार खवट आहे.

देर्नाने लोखंडी झाकण उघडलं. फोन धुराड्यात धरला आणि हात उशीवर टेकवला. छतावर कुणाची तरी पावलं उलटी तरंगत समुद्राकडे चालली होती. फोनमधून श्वास ऐकू येत होता, मग तो झोपलेल्या माणसासारखा संथ झाला. देर्नाने हात हलवला नाही.