धुतलेली रेकॉर्ड

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी एक जॅझची रेकॉर्ड धुऊन गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत घातली होती. परवा नातीने पुण्याहून तसलीच एक जुनी रेकॉर्ड आणली, पुन्हा नव्याने निघालेली. कोऱ्या रेग्झिनसारखा वास आला आणि मी थेट देवळाली प्रवरेच्या त्या गच्चीवर पोचले. "आजी, हातात घेऊन तर बघ," नात म्हणाली. मी हात पदराखाली घेतले.

ती रेकॉर्ड माझ्या धाकट्या दिरांची. भावजी लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. त्यांना शिकवणारे मास्तर तरुणपणी मुंबईत एका जॅझ बँडमध्ये होते. त्या बँडची ही एकच रेकॉर्ड निघाली, तीही मोजक्या प्रतींची. मास्तर वारल्यापासून भावजी ती रोज लावायचे. ट्रंपेटच्या प्रत्येक तानेआधी त्यात बारीक फुस्स व्हायचं. मी अतिशहाणी! धूळ बसली असणार म्हणून शिकेकाईने चोळून काढली आणि चैत्राच्या उन्हात ठेवली. संध्याकाळी बघते तर तळलेल्या पापडासारखी वळलेली.

"भावजी, धूळच लई होती हो, सारखी फुस्स फुस्स करायची," असं म्हणून मी वर हसलेसुद्धा. ते हसणं आठवलं की आजही कान तापतात.

भावजींनी ती दोन्ही तळव्यांत दाबून सरळ होते का पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, ती धूळ नव्हती. फुंकायच्या आधी मास्तर श्वास घ्यायचे."