हॉटेलमागचा जिझो आणि अर्धी उदबत्ती

माझ्या जावयाने मला फसवले. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचे वाचून कोणी म्हणेल की नातीचे तोंड बघितले आणि म्हातारा सगळे विसरला. मी काही विसरलेलो नाही. नागोयाच्या विमानतळावर निखिल आम्हा दोघांच्या पाया पडला आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, की त्यांच्या फ्लॅटची न्हाणी फोडून नवी बसवायचे काम निघाले आहे. माझी लेक प्राजक्ता टोकियोला ओजिमातल्या मैत्रिणीकडे डोहाळजेवणाला गेली होती, आता आठव्या महिन्यात लगेच उलटा प्रवास नको म्हणून तिथेच राहिली आहे. तेव्हा आठवडाभर आम्ही हॉटेलात राहावे. या सगळ्यात खरे एवढेच होते की तिला आठवा महिना लागला होता.

मी भोसरीत भंगाराचा धंदा हातगाडीपासून उभा केला आहे. समोरचा काटा मारणार की नाही, हे मला तो बोलायच्या आधी कळते. रोज फोनवर प्राजक्ता दिसायची, तर तिच्या मागे नुसती पांढरी भिंत. मी म्हटले, मैत्रिणीचे घर तरी दाखव. तर म्हणाली, घरात पसारा आहे बाबा, तिला आवडणार नाही. मला खटकले होते. पण माझा राग दुसरीकडे वळला होता. लेकीच्या गावी येऊन आम्ही हॉटेलात राहायचे, हे मला गिळवत नव्हते. सुनंदा, माझी पत्नी, दोन वेळा म्हणाली की असेल त्यांची अडचण. मी तिला म्हटले, "जावईबापूंची अडचण म्हणजे आपण."

हॉटेल शहराबाहेर, हायवेच्या कडेला होते. एका बाजूला पेट्रोलपंप, दुसऱ्या बाजूला नूडल्सचे दुकान, समोर चार पदरी रस्ता आणि पलीकडे एक करडी, पाच मजली इमारत. ते काहीतरी सरकारी ऑफिस असावे असे मी धरून चाललो होतो. खोली एवढी लहान की बॅग उघडायची तर पलंगावरच उघडावी लागे, आणि एकाने दुसऱ्याला ओलांडायचे तर दुसऱ्याने पाय वर घ्यावेत. खिडकी होती, पण ती शेजारच्या भिंतीकडे. राहणारे बहुतेक ट्रकवाले आणि कारखान्यांत कामाला आलेली माणसे. पण चादर मात्र रोज अशी ताणलेली असायची की तिच्यावर नाणे टाकले तर उडेल, आणि नाश्त्याच्या खोलीत योशिदा नावाच्या एक बाई होत्या, सगळे त्यांना मानाने योशिदा-सान म्हणत, सत्तरीच्या, पाठीत थोड्या वाकलेल्या. आम्ही मासे-अंडी खात नाही हे त्यांना पहिल्या दिवशी खुणांनी कळले. दुसऱ्या दिवसापासून आमच्यासाठी नुसत्या मिठाच्या भाताचे दोन त्रिकोणी गोळे वेगळे झाकून ठेवलेले असत. मी आभार मानले नाहीत. त्या काळात मी कोणाचेच आभार मानत नव्हतो.

आता नवसाचे सांगतो. देवाधर्माचे आमच्या घरात सुनंदाने पाहायचे, अशीच वाटणी होती. पण प्राजक्ताची दोन वर्षांपूर्वी एक निराशा झाली होती, आणि या वेळी दिवस गेल्याचे कळले तेव्हा मी दत्तापुढे जाऊन उभा राहिलो. तिथेही मी सौदाच केला. गुरुजी म्हणाले तीन पारायणे करा. मी म्हटले, एक करतो, पण तिच्या गावी जाऊन, सात दिवस, नियमाने, एक ओवी न गाळता. देवाने नाही म्हटले नाही, म्हणजे सौदा ठरला असे मी धरले. मूल हातात येईल असे कबूल करून घेतले होते, आणि माझ्या बाजूचे मी चोख करणार होतो.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला आंघोळ केली, पलंगावर सोवळे पसरून पोथी मांडली, निरांजन लावले, दोन उदबत्त्या लावल्या. पहिला अध्याय निम्मा झाला असेल नसेल, छतातून असा भोंगा वाजला की माझ्या हातातून पोथी सुटायची राहिली. पाच मिनिटांत सगळे हॉटेल गाड्यांच्या तळावर, हॉटेलने दिलेल्या एकसारख्या झग्यांमध्ये, दात घासायचे ब्रश हातात घेऊन. मॅनेजर माझ्याकडे आला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "चोत्तो मुझुकाशी." मी निखिलला फोन लावून विचारले, हा काय म्हणतोय. तो म्हणाला, "थोडं अवघड आहे, असं म्हणतायत बाबा."

आता माझ्या धंद्यात 'अवघड आहे' म्हणजे सौद्याला तोंड फुटले. ज्याला द्यायचे नाही तो नाही म्हणतो. अवघड म्हणणारा थांबलेला असतो, तुम्ही काय पुढे करता ते बघत. मी बोटांनी दाखवले, दोन नाही, एक उदबत्ती. तो वाकला, चोत्तो मुझुकाशी. मी उदबत्ती मधोमध मोडून दाखवली. तो आणखी वाकला. मला वाटले, जमले. दुसऱ्या दिवशी मी अर्धी उदबत्ती लावली, आणि पुन्हा सगळे हॉटेल झग्यांमध्ये खाली.

त्या दिवशी निखिल ऑफिसला जायच्या आधी धावत आला. मॅनेजरपुढे त्याने इतक्या वेळा मान झुकवली की मलाच बघवेना. मग मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाला, "बाबा, इथे 'थोडं अवघड' म्हणजे नाही. तोंडावर नाही म्हणायचं नसतं, म्हणून तसं म्हणतात. त्याच्यापुढे बोलणं नसतं." मी त्याला म्हटले, मग नाही म्हणायला यांचे काय जाते. तो हसला नाही. त्याचे डोळे जागरणाने सुजलेले होते, आणि मी, माणसे ओळखणारा, ते बघूनही त्याचा अर्थ लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, पारायण मोडणार म्हणून, मी नाश्त्याच्या खोलीत पोथी मांडीवर घेऊन बसलो होतो. योशिदा-सान आल्या, माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरली आणि मला मागच्या दाराने बाहेर घेऊन गेल्या. गाड्यांच्या तळाच्या टोकाला, कुंपणाजवळ, लाकडी छपराखाली एक दगडी मूर्ती होती, गुडघ्याएवढी. गोल डोके, मिटलेले डोळे, गळ्यात तान्ह्या बाळाला बांधतात तसे लाल लाळेरे. पुढे राखेचे भांडे, त्यात त्यांचीच सकाळची उदबत्ती जळत होती. त्यांनी मूर्तीकडे बोट केले, "जिझो-सान." मग माझ्या उदबत्तीच्या पुड्याकडे, मग राखेच्या भांड्याकडे. आणि एक घडीची खुर्ची उघडून दिली.

मी घुटमळलो, हे कबूल करतो. कोणता देव, कोणाचा देव, सोवळ्याचे काय. शेवटी सुनंदाच म्हणाली, "अहो, दत्ताला चार भिंती लागतात का? बसा." तिसऱ्या दिवसाचे वाचन मी तिथे केले, आणि मागे राहिलेलेही पुरे केले. हायवेवरून ट्रक जात होते. कोणी माझ्याकडे बघितले नाही.

चौथ्या दिवशी सातच्या सुमाराला मी वाचत होतो. हॉटेल आणि पेट्रोलपंपामधल्या मोकळ्या जागेतून समोरची करडी इमारत सरळ दिसे. निखिलची गाडी तिथे येऊन थांबली, तीही वाकडी, अर्धी पट्ट्याबाहेर. रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला उभा राहणारा हा माणूस दार उघडे टाकून आत धावला. मी पोथी उघडीच खुर्चीवर ठेवली आणि पादचारी पूल चढलो. अर्ध्या वाटेत मला दारातून व्हीलचेअर बाहेर येताना दिसली आणि ते ऑफिस नसल्याचे कळले. मी पुलावरून ओरडून सुनंदाला हाक मारली.

निखिल दुसऱ्या मजल्यावर सापडला. मी त्याची कॉलर धरणार होतो. हात उचललाही होता. तो म्हणाला, "बाबा, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय, म्हणून ती बारा दिवस इथेच आहे. ती म्हणाली, बाबांना सांगू नकोस, ते डॉक्टरांशी भांडतील. म्हणून तुम्हाला समोर ठेवलं. वेळ आली तर आई दोन मिनिटांत पोचतील." माझा उचललेला हात तसाच राहिला. माझ्या मुलीला आजारापेक्षा माझी भीती जास्त होती, हे ऐकायला मी सहा हजार किलोमीटर आलो होतो.

पहाटे रक्तस्राव सुरू झाला होता. डॉक्टरीण तरुण होती, केस मागे घट्ट बांधलेले. ती निखिलशी बराच वेळ हळू आवाजात बोलली. आणखी काही दिवस थांबता आले तर बाळाला बरे, असे तो तिला म्हणाला असावा. तिने मान किंचित तिरकी केली आणि म्हणाली, "चोत्तो मुझुकाशी."

निखिल भाषांतर करायला वळला. मी म्हटले, "राहू दे. कळलं मला."

आयुष्यभर मी समोरच्याच्या शब्दातली फट शोधली. या शब्दात फट नव्हती, आणि ते मला दोनच दिवस आधी एका मोडलेल्या उदबत्तीवर शिकवून ठेवले होते. नाहीतर मी तिथे उभा राहून दुसरा डॉक्टर मागितला असता, दुसरे हॉस्पिटल मागितले असते, दोन दिवस मागितले असते. माझा आवाज त्या मजल्यावर घुमला असता आणि त्यात वेळ गेला असता. प्राजक्ताला स्ट्रेचरवरून ऑपरेशनला नेताना तिने मला बघितले. चेहरा कागदासारखा पांढरा. तिला आधी दचकायलाच झाले. मग म्हणाली, "बाबा, इथे भांडू नका हं."

"नाही भांडत," मी म्हटले. "तू जा."

सुनंदाला दाराबाहेर बसू दिले. मला तिथे थांबायला जागा नव्हती, हॉटेलात जा म्हणाले. मी गेलो. परत येताना भुरभुर पाऊस लागला होता आणि मला आठवले की पोथी उघडी टाकून आलो, अध्याय अर्धा, आसन रिकामे. पारायणात याहून मोठा दोष नाही. बघतो तर योशिदा-सान माझ्या खुर्चीशेजारी प्लास्टिकच्या क्रेटवर बसलेल्या, कामाच्या वेळेत, आणि पोथीवर त्यांनी आपली छत्री धरलेली. स्वतः अर्ध्या भिजल्या होत्या. पान उलटले नव्हते. राखेत नवी उदबत्ती होती. मला बघून त्या उठल्या नाहीत, सरकल्या फक्त.

मी वाचायला घेतले, अक्षरे लागेनात. मग वाचले नाही. हात जोडले आणि सवयीने मनात आकडे मांडायला लागलो, आणखी एक पारायण, गावाकडच्या देवळाला घंटा, आणि मध्येच थांबलो. त्या सकाळी पहिल्यांदा मी देवापुढे काहीही न मांडता बसलो. तुझे आहे, तुला हवे ते कर, एवढेच म्हणालो, आणि ते म्हणताना माझ्या छातीतले काहीतरी, जे मी चाळीस वर्षे मूठ वळून धरले होते, सैल झाले. याला कोणी काय म्हणावे ते म्हणो. बाईंनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला. तो मी दोन्ही हातांनी घेतला.

अकराच्या आत पुलावर सुनंदा दिसली. ती हात हलवत नव्हती, नुसती कठडा धरून रडत होती, आणि मला कळेना की कोणते रडणे. मग तिने पदर तोंडावरून काढला आणि ओरडली, "मुलगी झाली, ओरडली हो, केवढ्यांदा ओरडली! तुमच्यावर गेलीय!"

पावणेदोन किलोची ती मुलगी तीन आठवडे काचेच्या पेटीत होती, आणि आम्ही तेवढे दिवस त्याच हॉटेलात. पारायण मी पुरे केले. निखिलला अजून माफ केलेले नाही, तो रोज संध्याकाळी येऊन माझ्यासमोर उभा राहायचा आणि मी त्याला रोज जेवलास का विचारायचो, एवढेच. एकदा त्याला घेऊन मी योशिदा-सानपुढे गेलो. म्हटले, विचार, या रोज पहाटे त्या मूर्तीला उदबत्ती का लावतात, आणि माझे आभार सांग. त्यांनी आभार ऐकून हात हलवले. मग अगदी साध्या आवाजात सांगितले. जिझो म्हणजे गेलेल्या लहान मुलांना सांभाळणारा देव. समोर पूर्वी लहान हॉस्पिटल होते. त्यांचा मुलगा तिथे झाला, दोन दिवस राहिला. तेव्हापासून त्या इथे येतात, मूर्तीचे लाळेरे जुने झाले की नवे शिवतात. निखिलने विचारले, किती वर्षे झाली. त्या म्हणाल्या, मोजली नाहीत, यंदा तो चव्वेचाळीसचा असता.

देवा, मी शरण गेलो आहे, ते खोटे नाही. आता मी तुझ्याशी घासाघीस करत नाही, सकाळी दिवा लावतो आणि मागत काही नाही. नात माझ्या मांडीवर आहे, तिच्या मुठीत माझे बोट आहे, आणि माझे ऋण फिटणारे नाही हे मला मान्य आहे. पण दत्तात्रेया, माझ्याबद्दल नाही, त्या बाईबद्दल मला विचारायचे आहे. मी चार दिवस आलो, तेही भोंगे वाजवत, सौदा करत, आणि तू माझी ओंजळ भरलीस. त्या चव्वेचाळीस वर्षे आल्या, काही न मागता, आणि माझी पोथी भिजू नये म्हणून स्वतः पावसात बसल्या. त्यांच्या मुलाचे काय? तुला अवघड वाटत असेल तर वाटू दे, हा शब्द आता मला कळतो आणि तुझ्याकडून मी तो ऐकून घेणार नाही. मी इथेच बसलो आहे. जबाब दे.