लाल रंगाचा हँडपंप

पाणी समितीवर माझी निवड झाली ती मी फार बोलते म्हणून. मानोऱ्याला प्रशिक्षण घेऊन पाणी तपासायची पेटी आणली आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं त्याच दिवशी आमच्या दारापुढच्या हँडपंपाचं पाणी नळीत धरलं. औषध टाकल्यावर ते गुलाबी राहायला हवं होतं, ते पिवळं झालं. म्हणजे फ्लोराइड. सासूबाईंचे गुडघे का आखडतात, शेजारच्या पोरींचे दात का डागाळलेत, सगळं एकदम कळलं. पिऊ नये म्हणून खूण, असं शिकवलं होतं, तसा मी पंपाला लाल रंग फासला.

दोन दिवसांनी बघते तर पंपाला हळदकुंकू वाहिलेलं आणि पुढे नारळ. लाल-शेंदरी काही दिसलं की आमच्याकडे तो देवच, हे मी इथलीच असून विसरले. मग घरोघर फिरून समजावलं. गावाने श्रमदान करून जुन्या विहिरीचा गाळ काढला, तिचं पाणी तपासणीत चांगलं निघालं, आणि उन्हाळ्याआधी तिथून पाइप गावाबाहेरच्या आमच्या वस्तीपर्यंत आला.

सगळे नळाचं पाणी प्यायला लागले. सासूबाई नाही. त्या नळाखाली भांडी घासायच्या आणि पिण्याची घागर पंपावरूनच आणायच्या, तीही कण्हत कण्हत. एकदा माझा तोल गेला. देवभोळेपणापायी अंथरूण धराल, असं चारचौघींत बोलले.  संध्याकाळी भाकरी थापताना सासूबाई म्हणाल्या,

"देव-गिव काई नाही, बाई. नवी नवरी होती तवा त्या इहिरीवर गेली होती मी. आपल्या वस्तीतल्या बाईनं तिथं दोर टाकू नाही, हे मले कोनं सांगतलंच नव्हतं. गावातल्या बायायनं माही घागर लाथीनं लवंडून देल्ली. या पंपावर मी पह्यल्यांदा कोनाले न इचारता पानी भरलं."

मला माझीच लाज वाटली. एवढी बोलकी मी, पण त्यांना एकदाही काहून म्हणून विचारलं नव्हतं.

पुढच्या वेळी समितीच्या बाया विहिरीवर साफसफाईला निघाल्या तेव्हा मी सासूबाईंना फक्त, येता का, एवढंच विचारलं. त्या काठी टेकत आल्या. गावातल्या एका म्हातारीने दोर त्यांच्या हातात दिला आणि बाजूला झाली. बादली जड होती, मी हात लावायला गेले तर त्यांनी कोपराने मला सारलं. स्वतः ओढून वर घेतली. ओंजळीने प्यायल्या.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी वाकून विहिरीत बघितलं.

"म्हंजे तवाबी गोडच असन."

आणि त्यांनी पुन्हा ओंजळ भरली.